नियमावर बोट की हेतूवर? डी अँड डीमधल्या जादूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बहुतेक प्रश्न डाव अर्ध्यावर थांबवून पाठवलेले आहेत. वर ‘पटकन सांग, सगळे थांबलेत’ असं असतं आणि खाली पुस्तकाच्या पानाचा तिरका फोटो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ: डीएम (डंजन मास्टर) गोष्ट चालवतो आणि नियमांचा निवाडा करतो, प्लेअर विझर्ड, वॉरलॉक, क्लेरिक, फायटर अशी पात्रं खेळतात, आणि जादूच्या मंत्राला स्पेल म्हणतात. हे सगळं त्याच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे. तिचं मूळ पुस्तक २०१४ चं, सुधारित २०२४ चं. दोन्ही अजून खेळली जातात, त्यामुळे फरक आहे तिथे साल सांगितलंय. साल नसेल तर उत्तर दोन्हींना चालेल.

१. रॉ, आरएआय ही काय भानगड आहे? जो तो ही अक्षरं तोंडावर फेकतो.

नियम जसा छापलाय तसा वाचणं म्हणजे रॉ (रूल्स अ‍ॅज रिटन). लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते धरून वाचणं म्हणजे आरएआय (रूल्स अ‍ॅज इंटेंडेड). आरएएफ (रूल्स अ‍ॅज फन) हे तिसरं भावंड, म्हणजे टेबलावर ज्यानं मजा येईल ते. तेव्हा पाचव्या आवृत्तीचे नियम सांभाळणारे जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ मध्ये ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ या सदरात हे तिन्ही शेजारी शेजारी मांडले होते.

मराठी शाळेत शिकलेल्याला हे नवं वाटायला नको. शब्दशक्तीच्या धड्यात ‘बाबा ताटावर बसले’ हे वाक्य होतं, आठवतंय? अभिधेनं घेतलं तर बाबांच्या बुडाखाली स्टीलचं ताट आहे. लक्षणेनं घेतलं तर बाबा जेवायला बसलेत. मास्तर तेव्हा सांगायचे की वाच्यार्थ घेऊन अडायला झालं की मग लक्षणेकडे वळायचं. तो क्रम लक्षात ठेवा, प्रश्न २ मध्ये लागणार आहे.

२. मग डीएमनं आधी काय धरायचं, शब्द की हेतू?

शब्द. आणि शब्द धरून अडेल तिथे हेतू.

समज असा आहे की शब्दावर बोट ठेवतो तो चलाख प्लेअर आणि हेतूच्या बाजूनं उभा राहतो तो समंजस डीएम. माझा अनुभव नेमका उलटा. ‘भारी युक्ती’ म्हणून जे टेबलावर येतं, ते बहुतेक वेळा स्पेलचा मजकूर शेवटपर्यंत न वाचल्यामुळे आलेलं असतं. पूर्ण परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावा. अर्ध्या युक्त्या दुसऱ्या वाक्यालाच गळून पडतात आणि डीएमला कोणाचं मन मोडावं लागत नाही. याउलट ऊठसूट हेतूची भाषा करणारा डीएम खरं तर ‘मला हे आवडलं नाही’ एवढंच म्हणत असतो, आणि प्लेअरला ते कळतं.

अडणं म्हणजे काय, तर शब्दशः वाचल्यावर नियम स्वतःलाच खोटा पाडतो (प्रश्न ७), समोर घडतंय त्याच्याशी त्याचा मेळ बसत नाही (प्रश्न ८ आणि ९), किंवा एकाच शब्दाचे दोन सरळ अर्थ निघतात (प्रश्न ६).

३. क्रिएट वॉटरनं शत्रूच्या फुफ्फुसात पाणी तयार करून त्याला बुडवता येईल का?

नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की त्याचं उत्तर मी फोनमध्ये जपून ठेवलंय.

स्पेल म्हणतो की दहा गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी एका उघड्या भांड्यात तयार होतं. दहा गॅलन म्हणजे साधारण ३८ लिटर, दोन मोठ्या बादल्या. ते नको असेल तर तीस फुटांच्या घनात पाऊस पाडा. फुफ्फुस हे उघडं भांडं नाही. जिवंत माणूस या खेळात ‘क्रीचर’ असतो, वस्तू नसतो, आणि त्याच्या छातीच्या आत जायला स्पेलला मोकळी वाटही नाही. म्हणजे इथे हेतूला हातसुद्धा लावावा लागला नाही, शब्दांनीच निकाल दिला.

हीट मेटलनं रक्तातलं लोह तापवणं याच जातीचं. मजकुरात ‘घडवलेली धातूची वस्तू’ आहे आणि ती तुम्हाला दिसलीही पाहिजे. रक्त कोणी लोहारानं घडवलेलं नाही.

मोठा नियम असा, की स्पेल जेवढं सांगतो तेवढंच करतो. पहिल्या लेव्हलच्या (अगदी सुरुवातीच्या) स्पेलनं हमखास खून पडणार असता, तर तो पहिल्या लेव्हलला ठेवला नसता.

४. स्पेलच्या नावावरून अर्थ काढला तर चालतो का?

चालत नाही. चिल टच हे कायमचं उदाहरण. २०१४ च्या पुस्तकात या कॅन्ट्रिपमध्ये (हवा तितक्यांदा टाकता येणाऱ्या छोट्या स्पेलमध्ये) ना थंडी आहे ना स्पर्श. १२० फुटांवरून मारायचा आणि नुकसान नेक्रॉटिक, म्हणजे जीव कोमेजवणारं. २०२४ मध्ये निदान स्पर्श तरी खरा झाला, रेंज ‘टच’ केली. थंडीचा अजून पत्ता नाही.

५. एल्ड्रिच ब्लास्टनं दार फोडता येतं का? आमचा डीएम म्हणतो नाही, आणि वॉरलॉक रुसून बसलाय.

२०१४ च्या पुस्तकाप्रमाणे डीएम बरोबर आहे. तिथे किरणाचं लक्ष्य ‘क्रीचर’ एवढंच लिहिलंय. शेजारच्या फायर बोल्टमध्ये ‘क्रीचर किंवा ऑब्जेक्ट’ आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला फरक माहीत होता असं म्हणायला जागा आहे.

यातून एक गमतीदार पळवाट निघाली होती. पेटी खरी आहे की मिमिक, हे पाहायला तिच्यावर एल्ड्रिच ब्लास्ट मारायचा. स्पेल लागला तर ती पेटी नाही, दात असलेला प्राणी आहे. शब्द पकडून जग तपासायचं, अशातला प्रकार. मी आमच्याकडे किरण कशावरही मारू द्यायचो, पण ‘लागला की नाही लागला’ यावरून माहिती काढू द्यायचो नाही. २०२४ मध्ये मजकूर ‘क्रीचर किंवा ऑब्जेक्ट’ असा झाला आणि वॉरलॉकचा रुसवा संपला.

आग लागण्याचंही असंच. फायर बोल्ट, फायरबॉल, बर्निंग हँड्स यांच्यात पेट घेणाऱ्या वस्तू पेटतात असं लिहिलंय (कोणी अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या सोडून). स्कॉर्चिंग रेमध्ये ते वाक्य नाही. कडक वाचलं तर आगीचा झोत गवताच्या गंजीवर पडून गंजी जशीच्या तशी. इथे मी शब्द सोडतो. गंजी पेटते. पण शत्रूच्या अंगावरचा झगा पेटत नाही, कारण ती सूट बाकी सगळ्या स्पेलनी मुद्दाम दिलेली आहे.

६. बंद खिडकीच्या काचेतून स्पेल मारता येतो का? समोरचा तर स्पष्ट दिसतोय.

वाद इथेच पेटतात, कारण दोन्ही बाजूंना शब्दांचा आधार आहे. नियम म्हणतो, लक्ष्यापर्यंत मोकळी वाट हवी, ते पूर्ण आडोशामागे असता कामा नये. पण २०१४ मध्ये पूर्ण आडोशाची व्याख्या ‘अडथळ्यामागे पूर्णपणे झाकलेला’ अशी आहे. काच झाकत कुठे?

मी ‘मोकळी वाट’ हा शब्द वजनदार धरतो. काचेतून खडा जात नाही, तर आगीचा गोळाही जाणार नाही. आधी काच फोडा. मिस्टी स्टेपचं मात्र वेगळं. त्याचं लक्ष्य तुम्ही स्वतः असता, आणि पोचायची जागा फक्त ‘दिसणारी रिकामी जागा’ हवी. ती काचेपलीकडे दिसते, म्हणून जाता येतं. तुरुंगाला काचेची तावदानं लावणारा राजा मूर्ख आहे, एवढाच त्याचा अर्थ.

७. डिसइंटिग्रेटनं वॉल ऑफ फोर्स तोडता येते की नाही?

तोडता येते. पण यावर आमच्याकडे एकदा अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या विझर्डनं किरण सोडला. त्याच्या समोर बसलेल्यानं (त्याचा फायटर भिंतीच्या पलीकडे सोनं मोजत होता आणि त्याला कोणी यायला नको होतं) पुस्तक ओढलं आणि चिवड्याच्या तेलकट बोटानं एक ओळ दाखवली. २०१४ च्या मजकुरात किरण ‘तुम्हाला दिसत असलेल्या’ लक्ष्यावर जातो. मग त्यानं पान उलटून वॉल ऑफ फोर्स काढला. पहिल्याच वाक्यात भिंत ‘अदृश्य’ आहे. दिसत नाही, म्हणजे लक्ष्य होत नाही, म्हणजे तुटत नाही. पुस्तक मिटून तो हाताची घडी घालून बसला. त्या पानावर डाग अजून आहे.

कायदेशीर दृष्ट्या तो निर्दोष होता. पण डिसइंटिग्रेटमध्येच पुढच्या वाक्यात लक्ष्याचं उदाहरण म्हणून ‘वॉल ऑफ फोर्सची भिंत’ असं नाव घेऊन दिलंय. आणि वॉल ऑफ फोर्समध्ये लिहिलंय की डिसइंटिग्रेट तिला ताबडतोब नष्ट करतो. दोन जागी स्पष्ट नाव घेतलेलं आहे, आणि एका सर्वसाधारण शब्दामुळे ती दोन्ही वाक्यं निरर्थक ठरतात. ज्या वाचनानं नियमाचं वाक्यच फुकट जातं, ते वाचन चुकीचं.

शिवाय यासाठी हेतूपर्यंत जायचीही गरज नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की खास नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या आपल्या पूर्वमीमांसेला हे न्याय हजारो वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहेत. तिथे विषय यज्ञाचा होता, इथे हिरव्या किरणाचा.

८. अदृश्य शत्रू मला सी इनव्हिजिबिलिटीमुळे दिसतोय. तरी माझ्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज का?

२०१४ मध्ये ‘इनव्हिजिबल’ या अवस्थेचे दोन वेगवेगळे मुद्दे होते. पहिला, की तो दिसत नाही. दुसरा, की त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि त्याच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हान्टेज. (डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे जास्त.) दुसरा मुद्दा पहिल्यावर अवलंबून आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. सी इनव्हिजिबिलिटीनं पहिला मुद्दा गेला, दुसरा तसाच उभा राहिला. म्हणजे तो तुमच्या समोर धडधडीत दिसतोय, तुम्ही त्याच्या मिशा मोजताय, आणि तलवार मात्र आंधळ्यासारखी चालवताय.

मी एकाही टेबलावर हे असं चालवलं नाही. स्पेल खर्चून माणूस दिसायला लागला, तर तो दिसायला लागला. २०२४ मध्ये वाक्य घातलं की जो तुम्हाला पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही. जे सगळे आधीपासून करत होते ते पुस्तकानं उशिरा मान्य केलं.

९. अदृश्य ड्रॅगननं आग ओकली तर त्याची इनव्हिजिबिलिटी सुटते का? ‘हल्ला’ केला ना त्यानं!

मराठीत केला. नियमात नाही केला.

२०१४ चा स्पेल म्हणतो की लक्ष्यानं ‘अटॅक’ केला किंवा स्पेल टाकला की इनव्हिजिबिलिटी संपते. आणि ‘अटॅक’ची खूण पुस्तकात दिलीय, अटॅक रोल (वार लागला का ते ठरवणारा फासा) केला तरच अटॅक. ड्रॅगनच्या श्वासाला रोल नाही, समोरचे सेव्ह (वाचण्यासाठीचा फासा) करतात. तो स्पेलही नाही. म्हणजे शब्दशः, ड्रॅगन गाव जाळत सुटला तरी दिसणार नाही. २०२४ मध्ये ‘नुकसान केलं’ हेही कारणात घातलंय, त्यामुळे तिथे प्रश्न मिटला. जुनं पुस्तक वापरत असाल तर माझा सल्ला, नवीन वाक्य उसनं घ्या.

पुस्तक इंग्रजी आणि टेबल मराठी, हे यातलं खरं दुखणं. आपण बोलताना ‘हल्ला’ म्हणतो, ‘प्राणी’ म्हणतो, ‘व्यक्ती’ म्हणतो. एका नवख्या मुलीनं ‘क्रीचर’चं प्राणी केलं आणि पहिला पूर्ण डाव तिचा ड्रुइड माणसांवर स्पेलच टाकेना. चार्म पर्सनमधल्या ‘पर्सन’चं व्यक्ती केलं की लोक बोलक्या ड्रॅगनवर तो टाकायला जातात. २०१४ असो की २०२४, तो फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या क्रीचरवर) चालतो. म्हणून नियमाचे शब्द भाषांतर करू नका. अटॅक, क्रीचर, सेव्ह, टार्गेट हे तसेच ठेवा आणि बाकीचं खुशाल मराठीत खेळा.

१०. एका टर्नमध्ये दोन फायरबॉल चालतात, पण हीलिंग वर्ड आणि गाइडिंग बोल्ट चालत नाही. हे कसलं लॉजिक?

२०१४ चं. नियम असा होता की टर्नमधल्या जादाच्या छोट्या कृतीनं, म्हणजे बोनस अ‍ॅक्शननं स्पेल टाकलात, तर त्या टर्नमध्ये दुसरा फक्त एका अ‍ॅक्शनचा कॅन्ट्रिप. हीलिंग वर्ड बोनस अ‍ॅक्शनचा, म्हणून कॅन्ट्रिप नसलेला गाइडिंग बोल्ट गेला. दोन फायरबॉलवाल्यानं आणखी एक कृती देणारी फायटरची अ‍ॅक्शन सर्ज वापरली, बोनस अ‍ॅक्शनला हातच लावला नाही, म्हणून नियम जागाच झाला नाही. हेतू उघड होता, एका टर्नमध्ये जादूचा पूर नको. शब्दांनी चुकीच्या दाराला कडी लावली. २०२४ मध्ये सरळ केलं, एका टर्नमध्ये स्पेल टाकायला एकच स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्च करता येतो.

११. झोन ऑफ ट्रूथमध्ये ‘नरो वा कुंजरो वा’ चालेल का?

चालेल, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

स्पेलचा मजकूर पाहा. सेव्ह चुकलेला माणूस ‘जाणूनबुजून खोटं’ बोलू शकत नाही. पण त्याला स्पेलची जाणीव असते, तो उत्तर टाळू शकतो, आणि सत्याच्या हद्दीत राहून आडवळणानं बोलू शकतो. हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे फसवण्याची परवानगी शब्दांतच दिलेली आहे.

आता कुरुक्षेत्रावर या. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला होता. धर्मराज म्हणाला अश्वत्थामा मेला, आणि पुढचं तोंडातल्या तोंडात. वाक्यात खोटा शब्द एकही नाही. झोन ऑफ ट्रूथनं त्याला अडवलं नसतं. द्रोणानं शस्त्र ठेवलं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला. स्पेल शब्द तपासतो, रथ हेतू तपासत होता. तुमच्या खेळात पॅलाडिन (शपथेनं बांधलेला योद्धा) असेल तर हा फरक वापरा. स्पेल त्याला सोडून देईल, त्याची शपथ कदाचित सोडणार नाही.

चौकशी करणाऱ्याला एवढंच सांगेन की हो-नाहीत उत्तर येईल असेच प्रश्न विचारा आणि ‘कोणता अश्वत्थामा?’ हे विसरू नका.

१२. कमांड स्पेलमध्ये एकच शब्द बोलायचा असतो. मराठीत खेळताना शब्द मोजायचे कसे?

२०२४ च्या पुस्तकात वाद नाही. तिथे पाच ठरलेल्या आज्ञांतून निवडायची: जवळ ये, टाक, पळ, लोटांगण, थांब. (‘ग्रोव्हल’ला ‘लोटांगण’पेक्षा चांगला शब्द जगात नसेल.) २०१४ मध्ये ही फक्त उदाहरणं होती, बाकी शब्द डीएमच्या मर्जीवर, आणि मग मराठी माणूस समास करायला बसतो. ‘शस्त्रत्याग’ एक शब्द. ‘आत्मसमर्पण’ एक शब्द. एका पठ्ठ्यानं ‘कुलूपकिल्लीसुपूर्द’ असा शब्द जोडला आणि वर व्याकरण समजावून सांगितलं. माझी कसोटी सोपी आहे, भांडणात रस्त्यावर जो शब्द तुम्ही खरंच ओरडाल तो चालेल. आणि ज्यानं ऐकणाऱ्याला थेट इजा होईल अशी आज्ञा स्पेलच नाकारतो, त्यामुळे ‘मर’ म्हणून उपयोग नाही.

सजेशनमध्ये २०२४ नं पंचवीस शब्दांची मर्यादा घातलीय. मराठीत ‘दरवाज्याबाहेरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द असल्यामुळे आपलं पारडं जड होतं. मी मोजत बसत नाही, एका श्वासात जेवढं होईल तेवढं.

१३. विशमध्ये डीएमनं शब्द पकडून वाट लावली. हे न्यायाचं आहे का?

आधी विश, म्हणजे हवं ते मागायचा स्पेल, नीट वाचा. आठव्या किंवा खालच्या लेव्हलच्या कुठल्याही स्पेलची नक्कल करायला तो वापरलात तर डीएमला वाकडं करायला जागा नाही, काही किंमतही मोजावी लागत नाही. त्यापलीकडे मागितलंत तर अंगावर येतं: ताकद घसरते, पुढचे स्पेल टाकणाऱ्यालाच नेक्रॉटिक नुकसान करतात, आणि विश कायमचा हातून जाण्याची ३३ टक्के शक्यता. मागणी जितकी मोठी तितकी ती बिघडण्याची शक्यता जास्त, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

म्हणजे शब्द पकडणं हे या स्पेलचं अंगभूत आहे. आपल्याला याचं नवल नको. हिरण्यकशिपूनं वर मागताना जगातल्या कुठल्याही प्लेअरपेक्षा बारीक मसुदा केला होता: ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून, ना जमिनीवर ना आकाशात, ना शस्त्रानं ना अस्त्रानं. नरसिंहानं त्या यादीतलं एकही कलम मोडलं नाही. संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. भस्मासुराला तर अपवाद लिहायचं सुचलंच नाही, त्याच्या वरात त्याचं स्वतःचं डोकंही बसत होतं.

पण पाहा, वाकडं कोणाचं झालं? जो वर घेऊन माजला त्याचं. ‘माझी बहीण बरी होऊ दे’ म्हणणाऱ्या प्लेअरला तिची आजारातून सुटका म्हणजे मृत्यू असं दाखवणारा डीएम मला हुशार वाटत नाही, कद्रू वाटतो. हाव असेल तिथे शब्द पकडा, गरज असेल तिथे हेतू पाळा.

१४. गुडबेरी आणि लाइफ क्लेरिक एकत्र केल्यावर चाळीस हिट पॉइंट? डीएम याला चोरी म्हणतो.

२०१४ मध्ये चोरी नाही. लाइफ क्लेरिकच्या देणगीनं स्पेलच्या बरं करण्यात २ अधिक स्पेलची लेव्हल मिळते. गुडबेरी पहिल्या लेव्हलचा, म्हणून तो देतो त्या प्रत्येक बोराला १ हिट पॉइंटच्या (जिवाच्या गुणाच्या) जागी ४, आणि बोरं दहा. अधिकृत ‘सेज अ‍ॅडव्हाइस’मध्ये हे मान्य केलेलं आहे. विचित्र वाटतं म्हणून लगेच ‘हेतू हा नव्हता’ म्हणायला धावू नका, इथे लिहिणाऱ्यांनी शब्दांच्याच बाजूनं कौल दिला. २०२४ मध्ये ही देणगी स्पेल टाकला त्याच टर्नपुरती केली, त्यामुळे नंतर खाल्लेल्या बोराला ती लागत नाही.

१५. तीनशे सुवर्णनाण्यांचा हिरा घासाघीस करून दोनशेला घेतला. रिव्हिव्हिफाय (हिरा खर्चून मेलेल्याला उठवणारा स्पेल) चालेल?

चालेल. हिरा तीनशेच्या किमतीचा हवा, तुम्ही किती दिले ते स्पेल विचारत नाही. उलट दिशेनं मात्र जाऊ नका. दोन मित्रांनी एकमेकांना गारगोटी तीनशेला विकली म्हणून तिचा हिरा होत नाही. ही किंमत म्हणजे मरणाला लावलेला टोल आहे, बाजारभाव नव्हे. युद्धामुळे हिरे महागले तर छोटा हिरा पुरेल का, असंही विचारलं गेलंय. नाही पुरणार. भाव कितीही हलू दे, त्या हिऱ्याचा आकार आमच्याकडे हलत नाही.

१६. गावकऱ्यांची रांग लावून भाला प्रकाशाच्या वेगानं फेकण्याची युक्ती रॉप्रमाणे चालते ना?

अर्धीच. सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये आधी ठरवून ठेवलेल्या कृतीनं, म्हणजे रेडी अ‍ॅक्शननं हजार-दोन हजार लोकांनी भाला पुढे पुढे दिला, इथवर शब्द साथ देतात. पण शेवटच्या माणसानं फेकला की नियमाप्रमाणे नुकसान एक सहा-तोंडी फासा. भाल्याच्या नियमाला वेग माहीतच नाही. युक्ती करणारा रांगेपर्यंत शब्द वापरतो आणि शेवटच्या फुटावर गुपचूप भौतिकशास्त्रावर उडी मारतो. एकतर इकडचं घ्या, नाहीतर तिकडचं. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात ‘नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे’ असं सांगताना नेमकं हेच उदाहरण दिलंय.

पिशवीत उंदीर बाळगून एकेक मारत तात्पुरते हिट पॉइंट मिळवणारा वॉरलॉक याचाच चुलतभाऊ. २०१४ च्या त्या देणगीत ‘होस्टाइल’ क्रीचर हवा असं आहे. पिशवीतला उंदीर शत्रू नाही, बिचारा आहे.

कधीच लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) न घेता स्लॉट साठवत जाणारा सॉर्सरर-वॉरलॉक (त्याला कॉफीलॉक म्हणतात) मात्र २०१४ च्या शब्दांत खरोखर बसत होता. त्यावर २०१७ च्या ‘झॅनथर’च्या पूरक पुस्तकात लाँग रेस्टविना चोवीस तास गेले की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, नाहीतर थकवा, असा नियम आला.

१७. क्रॉफर्ड यांचं ट्वीट दाखवलं की डीएमनं गप्प बसायचं का?

नाही. कंपनीनंच सांगितलंय की ट्वीट अधिकृत नाहीत, सल्ला आहेत. अधिकृत काय, तर ‘सेज अ‍ॅडव्हाइस’चं संकलन. तेही वाचून तुमच्या टेबलाला पटलं नाही तर सोडून द्या, कोणी दंड करायला येत नाही.

१८. डाव चालू असताना वाद पेटला तर किती वेळ द्यायचा?

दोन मिनिटं. मजकूर मोठ्यानं वाचा, दोन्ही बाजू एकेकदा ऐका, डीएमनं निकाल द्यावा, आणि कागदावर लिहून ठेवा. पुढच्या डावाआधी शांतपणे पाहायचं. निकाल बदलला तरी आधीचं मागे फिरवायचं नाही, एका अपवादानं: त्या निकालानं एखाद्याचं कॅरॅक्टर मेलं असेल तर वाद तिथेच पूर्ण करा, जेवण गार झालं तरी चालेल.

आणि जो निकाल प्लेअरला, तोच राक्षसाला. विझर्डला काचेआडून मारू दिलं नाही, तर पुढच्या आठवड्यात लिच या जादूगार राक्षसालाही नाही. प्लेअरचा विश्वास इथे ठरतो, कुठली बाजू जिंकली त्यात नाही.

१९. असे वाद नसलेला खेळ आहे का? आम्ही तो खेळतो.

कमी असलेले आहेत. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) नियम बरेच काटेकोर आहेत, आणि तरी पुस्तकात साधी सूचना आहे की दोन अर्थांपैकी एक फारच फायद्याचा वाटत असेल तर बहुधा तो खरा नाही. ही ओळ मी आमच्या टेबलावरही लावतो.

उलट टोकाला ‘आर्स मॅजिका’ (१९८७). तिथे स्पेलची यादी आहे, पण खरी गंमत पाच क्रियापदं आणि दहा नामं यांच्या लॅटिन जोड्यांची. क्रेओ म्हणजे निर्माण करणं, इग्नेम म्हणजे आग, दोन्ही मिळून तिथल्या तिथे स्वतःचा स्पेल रचायचा. मजकूरच नाही म्हटल्यावर शब्दांचा कीस कशाचा काढणार, असं वाटून आम्ही एकदा बसलो. पंधराव्या मिनिटाला आमचा तो चिवडावाला फायटर (आता जादूगार) पुस्तकावर बोट ठेवून विचारत होता, ‘इग्नेममध्ये उजेडही येतो ना? मग चांदणं धरायचं का?’